नाल्याच्या तोंडावरची वस्ती: चिखल-दगडांच्या लोंढ्याचा धोका कसा ओळखावा आणि कमी करावा

सुटी दरड बहुधा उताराच्या पायथ्याशी थांबते; परंतु माती, मुरूम आणि दगडगोटे पाण्यात कालवले जाऊन नाल्यात उतरले, की तो लोंढा डोंगर सोडून बराच पुढे जातो. म्हणून धडगाव-अक्कलकुव्याच्या सातपुड्यात काय किंवा ३१ ऑगस्ट २०२१ रोजी दरडी कोसळून कन्नड घाट बंद पडला त्या चाळीसगावच्या दक्षिणेकडील डोंगरात काय, घरामागचा कडा पाहून थांबू नये, नाला जेथे डोंगराबाहेर पडतो तेथपर्यंत पाहणी करावी.

ही पाहणी उन्हाळ्यात, पाड्यातील जुन्या माणसांना सोबत घेऊन करावी. नाल्याच्या तोंडाशी पसरलेली मंद उताराची जमीन घर बांधण्यास सोयीची वाटते, पण ती पूर्वीच्या लोंढ्यांनीच आणून टाकलेली असू शकते. काठ कोसळलेला असेल तेथे त्याची कड नीट पाहावी: पुराचा गाळ थराथराने बसतो, तर लोंढ्याने आणलेले लहानमोठे दगड चिखलात अस्ताव्यस्त रुतलेले असतात. नाल्याच्या दोन्ही बाजूंना गोट्यांचे वरंबे आणि झाडांच्या बुंध्यांवर डोंगराकडच्या अंगाला जुने घाव दिसले, तर शंका बळावते. त्यानंतर उतारावर नव्या भेगा, कललेली झाडे आणि पूर्वी नसलेले झरे शोधावेत.

धोका केवळ जागेवर ठरत नाही. तेथे रात्री कितीजण झोपतात आणि त्यांपैकी कोणाला उचलून न्यावे लागेल, हे घरागणिक लिहून ठेवावे. अंथरुणाला खिळलेली आजी ज्या घरात आहे, ते यादीत आधी यावे.

कायमचे स्थलांतर वेळखाऊ असते; मुसळधार पावसाच्या रात्री झोपण्याची जागा बदलणे मात्र याच वर्षी शक्य आहे. ती जागा नाल्यापासून बाजूला आणि उंचावर असावी. शाळा किंवा अंगणवाडीच तोंडावरच्या सपाटीवर असेल, तर ती आसरा म्हणून ठरवू नये. रस्त्याखालच्या मोऱ्या पावसाळ्यापूर्वी मोकळ्या कराव्यात, कारण तुंबलेली मोरी लोंढा घरांकडे वळवते. भेगाळलेल्या उतारावर तज्ज्ञांना न विचारता चर खोदू नयेत, कारण चरातून पाणी थेट भेगांत मुरते. हाताने रचलेल्या दगडी बांधाची भिस्त तर मुळीच धरू नये. तो फुटला की त्याचेच दगड लोंढ्यात मिसळतात.

हवामान विभागाच्या वर्गवारीत २४ तासांतील ११५.६ मिलिमीटरपासूनचा पाऊस अतिजोरदार ठरतो, पण दिवसाच्या बेरजेची वाट पाहण्यात अर्थ नाही. आधीच्या दिवसांत जमीन भिजून गेली असेल, तर तासाभराची जोराची सरही पुरते. पाऊस चालू असताना नाल्याचे पाणी एकाएकी आटले, अचानक गढूळ झाले किंवा वरून घरघराट ऐकू आला, तर सामान न आवरता, नाल्याच्या दिशेने खाली न पळता, नाल्याला आडव्या दिशेने जाऊन बाजूचा चढ गाठावा. जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर तेथे पोहोचल्यावर कळवावे. एका लोंढ्यामागून दुसरा येऊ शकतो, म्हणून गुरे सोडवण्यासाठीही लगेच परतू नये.