गल्लीतल्या छोट्या थाई हॉटेलात जाताय? मग असं मागवा

सांगलीत, विश्रामबागेत आमच्या घराजवळ पाच-सहा टेबलांचं एक थाई हॉटेल आहे आणि तिथं नेहमी एक गोष्ट बघायला मिळते. चौघं येतात, मेनू वरपासून खालपर्यंत वाचतात आणि शेवटी प्रत्येकजण आपापली एकेक डिश सांगतो, कुणी पॅड थाई, कुणी ग्रीन करी, कुणी फ्राईड राईस, आणि मग ज्याच्या वाट्याला करी आली तो नारळाच्या दुधातली ती करी एकट्यानं संपवता संपवता कंटाळतो आणि घरी जाताना म्हणतो की थाई काय आपल्याला जमत नाही बुवा. एवढं चांगलं जेवण नुसतं मागवण्याच्या गडबडीत वाया जातंय हे बघून वाईट वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे थाई जेवण एकट्याच्या ताटाचं नाही, सगळं टेबलाच्या मधे ठेवायचं आणि प्रत्येकानं आपल्या भातावर थोडं थोडं घेत खायचं. आंबट, तिखट, खारट, गोड या चार चवी सगळ्या टेबलावर मिळून जुळायला पाहिजेत. चौघं असाल तर एक सूप, एक सॅलड, एक करी, एक कढईतली परतलेली डिश आणि भात, एवढं पुरतं. भात साधाच घ्या, जॅस्मिन राईस असेल तर उत्तम. करीबरोबर फ्राईड राईस मागवू नका, त्यात आधीच मीठ-सॉस असतो आणि मग करीची चव लागतच नाही.

आता शाकाहारी मंडळींसाठी सगळ्यात महत्त्वाचं. मेनूवर हिरवा ठिपका असला तरी विचारा. थाई स्वयंपाकात मिठाचं काम बरंचसं फिश सॉस करतो, म्हणजे छोटे मासे मिठात महिनोन्महिने मुरवून काढलेलं पाणी, आणि करीच्या पेस्टमधे बऱ्याचदा मिठात आंबवलेला झिंगा वाटलेला असतो. भाज्या घातल्या म्हणून करी व्हेज होत नाही. सरळ विचारायचं, "दादा, पेस्ट तुम्ही इथं वाटता का पाकिटातली आहे, आणि त्यात झिंगा आहे का? फिश सॉसच्या ऐवजी सोया सॉस घालाल का?" ऑयस्टर सॉसचंही विचारा, तो शिंपल्यांपासून करतात आणि परतलेल्या भाज्यांत हमखास असतो. छोट्या हॉटेलचा हाच फायदा, आचारी चार पावलांवर उभा असतो, आत जाऊन विचारून येतात. आपल्या सांगलीत जैन मंडळी भरपूर, त्यांच्यासाठी स्पष्टच सांगतो, करीच्या पेस्टमधे लसूण आणि छोटे कांदे आधीच वाटलेले असतात, ते मागून काढता येत नाहीत, त्यामुळे जैन ग्रीन करी करून द्या म्हणून आग्रह धरू नका. त्यापेक्षा लसूण आणि फिश सॉस न घातलेलं कच्च्या पपईचं सॅलड आणि लसणाशिवाय सोया सॉसमधे परतलेल्या भाज्या सांगा. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर तेही बसल्या बसल्या सांगून टाका, कारण शेंगदाणा सॅलडमधे, पॅड थाईत, मसामन करीत, सगळीकडे असतो.

तिखटाचं काय करायचं? आपण कांदा-लसूण मसाला खाऊन मोठे झालो, त्यामुळे "फुल स्पायसी कर" असं सहज तोंडातून जातं. पण थाई मिरची बारीक असते आणि बऱ्याचदा कच्ची ठेचून आंबट रसात पडते, मधे तेल नाही की शिजवून मुरणं नाही, त्यामुळे ती जिभेवर एकदम चढते. पहिल्या वेळी मीडियम सांगा. टेबलावर साखर, मिरची पूड, मिरच्या घातलेलं व्हिनेगर आणि फिश सॉस असे चार डबे असतात किंवा मागितले की देतात, ते मुख्यतः नूडल्ससाठी असतात. आधी चव घ्या, मग चिमूट चिमूट वाढवा.

सूपमधे टॉम यमच घ्या. त्यातल्या कोळंबीच्या प्रकाराला, टॉम यम कुंगला, युनेस्कोनं २०२४ मधे सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलंय. वाटी समोर आली की लगेच चमचा घालू नका, आधी वास घ्या. गवती चहाचा वास ओळखीचा वाटेल, फक्त आपण पात चहात टाकतो आणि तिथं बुंध्याकडचा जाड दांडा ठेचून घालतात. त्याच्यासोबत आल्यासारखे दिसणारे गलंगलचे पांढरट काप आणि दोन पानं जोडल्यासारखी दिसणारी काफिर लाईमची गडद हिरवी पानं तरंगत असतात. हे सगळं वासासाठी, खायचं नाही. माणसं दांडा चावत बसतात आणि सूपमधे कचरा आहे म्हणून तक्रार करतात. बाजूला सारायचं, रस प्यायचा, मशरूम किंवा कोळंबी खायची. लिंबू शेवटी, गॅस बंद करताना पिळलेलं असतं, म्हणून गरम असतानाच पिऊन टाका.

करीचा रंग बघून अंदाज बांधता येतो. ग्रीनमधे ताज्या हिरव्या मिरच्या, दिसायला सौम्य पण बऱ्याचदा सगळ्यात तिखट तीच. रेडमधे वाळलेल्या लाल मिरच्या. यलोमधे हळद, ही करी बेताची तिखट, आपल्या हळदीच्या गावातल्या जिभेला पटकन आवडते. मसामनमधे दालचिनी, वेलदोडा, लवंग, बटाटा आणि शेंगदाणे, मुसलमान व्यापाऱ्यांच्या संगतीनं आलेली करी म्हणून ओळखली जाते, घरातल्या आजी-आजोबांना आणि पोरांना हीच द्या. करी चांगली झालीय का ते ओळखायचं तर वरचा थर बघा. नारळाचं घट्ट दूध तेल सुटेपर्यंत आटवून त्यात पेस्ट परतलेली असेल तर वर रंगीत तेलाचे थेंब दिसतात, आपल्या रश्श्यावर तर्री येते ना तसे. सगळं एकसारखं पांढरट क्रीमसारखं दिसत असेल तर बहुतेक वेळा दुधात नुसती पेस्ट ढवळलेली असते.

सॅलड म्हणजे सोम तम, कच्च्या पपईचा कीस उखळात मिरची, लिंबू, ताडगूळ घालून कुटतात. ऑर्डर दिल्यावर आतून ठक ठक आवाज आला तर समजायचं ताजं चाललंय. परतलेल्यात क्रापाव मागवा, त्यातली पानं आपल्या तुळशीच्याच जातीची, व्हेजमधे टोफू किंवा मशरूम घालून छान होतं.

पॅड थाई सगळ्यांना माहीत असते. १९३९ मधे सयामचं नाव थायलंड झालं, त्याच सुमाराला पंतप्रधान फिबुन यांच्या सरकारनं देशाची ओळख म्हणून ही डिश लोकांत रुजवली. चिंचेच्या कोळातल्या तांदळाच्या नूडल्स, वर लिंबू आणि शेंगदाण्याचा कूट. लिंबू शोभेचं नसतं, पिळा. आणि ही डिश आल्या आल्या खा, फोटो काढत बसलात तर नूडल्स चिकटून गोळा होतो.

खायचं कसं, तर चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात, काट्यानं चमच्यावर ढकलायचं आणि चमचा तोंडात. चॉपस्टिक्स तिकडं मुख्यतः नूडल सूपसाठी वापरतात, भाताला मागू नका. चिकट भात तर तिकडंही हातानंच खातात.

अजून एक, अशा हॉटेलात कढई एक आणि आचारी एक असतो, त्यामुळे पदार्थ एकदम येणार नाहीत, जसे होतील तसे येतील. पहिली डिश आली की सुरू करा, बाकीच्यांची वाट बघत ती गार करू नका. रविवारी रात्री चार कुटुंबं एकदम आली की आचाऱ्याचीही धांदल उडते, मंगळवार-बुधवारी साडेसातला गेलात तर तुमचं नीट ऐकून घेतात, नीट करून देतात. आंब्याचा स्टिकी राईस खायचा असेल तर एप्रिल-मेमधेच खा आणि सकाळीच फोन करून सांगा, कारण तो तांदूळ काही तास भिजवून मग वाफवावा लागतो. वर खारट-गोड नारळाचं दूध आणि हापूस किंवा पायरी, हे अगदी चुकवू नका. डब्यातला आंबा घालून देणार असतील तर मात्र राहू द्या.

उरलं तर करी पार्सल घ्या, भात वेगळ्या डब्यात. दुसऱ्या दिवशी मंद आचेवर गरम करायची, खळाखळा उकळलीत तर नारळाचं दूध फाटतं. जास्त घट्ट झाली असेल तर दोन चमचे पाणी घाला आणि वरून थोडं लिंबू पिळा.