नळ चमकले, पण फरशीचं काय? साफसफाईत टाळायच्या चुका

बोअरचं पाणी येतं तिथे नळांवर आणि टाइल्सवर पांढरे चट्टे धरतातच. मग ॲसिडची बाटली येते, भसाभस ओतली जाते आणि डागही निघतात. पण टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंटसुद्धा ॲसिडमध्ये विरघळतं. हे दर महिन्याला होत राहिलं की सांधे पोकळ होतात, पाणी आत मुरायला लागतं आणि खालच्या मजल्यावरच्या छताला ओल येते.

हे चट्टे म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ते काढायला किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व पुरतं.

1. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवा.
2. जुनं सुती फडकं त्यात भिजवून नळाला गुंडाळा. वरून प्लास्टिकची पिशवी बांधा, म्हणजे फडकं सुकणार नाही.
3. 15 ते 20 मिनिटांनी फडकं काढा, जुन्या टूथब्रशने घासा, साध्या पाण्याने धुऊन कोरडं पुसा.

थर जाड असेल तर हेच दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. तारेची घासणी मात्र नको. तिने नळावरचा क्रोमचा मुलामा खरवडला जातो आणि तो परत आणता येत नाही. सोनेरी किंवा काळ्या मुलाम्याच्या नळांना फक्त साबणाचं पाणी वापरा.

हेच लिंबूसत्त्वाचं पाणी दगडावर सांडलं तर मात्र नुकसान करतं. संगमरवर, कोटा, शहाबादी आणि कडप्पा या सगळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट भरपूर असतं, म्हणजे नळावर साठतो तोच पदार्थ. त्यामुळे लिंबू, व्हिनेगर, चिंच, ॲसिड यांपैकी काहीही त्यावर राहिलं तर दगडच झिजतो. कडप्प्याच्या ओट्यावर चिरलेलं लिंबू पालथं राहिलं की तिथे फिकट गोल उमटतो, तो हाच. तो डाग नसल्यामुळे कितीही घासला तरी जात नाही, पॉलिशच करावं लागतं. घरात कोणता दगड आहे हे माहीत नसेल तर एखाद्या झाकल्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा थेंब टाका आणि पाच मिनिटांनी पुसा. बुडबुडे आले किंवा चमक गेली, तर त्या दगडाला आंबट काही लावायचं नाही. भांड्यांचा लिक्विड साबण बादलीभर पाण्यात छोटा चमचाभर, एवढंच त्याला पुरे.

आता सगळ्यांत घातक चूक. संडासात ॲसिडवालं क्लीनर ओतलं आहे आणि वास जावा म्हणून वरून ब्लीचिंग पावडरही टाकली, तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो थेट छातीत जातो. ब्लीच लिंबूसत्त्वात, व्हिनेगरमध्ये किंवा अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरमध्येही मिसळू नका. एक वापरून झालं की भरपूर पाणी ओता, दुसरं दुसऱ्या दिवशी वापरा. उग्र वास आलाच तर धुवत बसू नका, लगेच बाहेर मोकळ्या हवेत या. खोकला थांबेना किंवा दम लागला तर दवाखाना गाठा.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात आणि हातात जवळपास खारट पाणी उरतं. तेलकटाला सोडा, क्षाराला आंबट, असं वेगवेगळं वापरा. धुण्याचा सोडा चिकट टाइल्सवर उत्तम, पण चिमणीची जाळी ॲल्युमिनियमची असेल तर ती काळी पडते. तिला गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, 20 मिनिटं भिजवून.

क्रम वरून खाली. पंखा बंद करा, जुना उशीचा अभ्रा पात्यावर चढवा आणि दाबून ओढून घ्या. धूळ आतच राहते. मग माळा, कपाटं, शेवटी जमीन.

जमिनीवर आधी कोरडा झाडू, मगच पोछा. नाहीतर धुळीचा चिखल होऊन सांध्यांत बसतो. पाणी गढूळ झालं की बदला, साधारण दर खोलीला. पुसून झाल्यावर फरशी पायाला चिकट लागली तर साबण जास्त झालाय. साध्या पाण्याचा एक हात पुन्हा फिरवा आणि पुढच्या वेळी निम्माच घाला.