लिनक्स आणि मॅस्टोडॉनवर बिऱ्हाड हलवताना या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि ओळखीतली माणसं जुने लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येऊ लागली. मशीन धडधाकट, पण विंडोज ११ त्यावर बसत नाही, अशी बहुतेकांची अडचण. त्यांना लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम लावून देताना, आणि त्यातल्या काहींना मॅस्टोडॉनवर (ट्विटरसारखं, पण वेगवेगळ्या लोकांच्या सर्व्हरांवर चालणारं समाजमाध्यम) खातं उघडून देताना, एक गोष्ट सारखी जाणवली. नव्या घरात शिरायची घाई सगळ्यांना असते, पण उद्या इथूनही निघावं लागलं तर सामान कसं न्यायचं, हे कुणी विचारत नाही. खालच्या चुका मी स्वतः केलेल्या किंवा इतरांच्या निस्तरलेल्या आहेत.

विंडोजच्या शेजारी लिनक्स लावताना

बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) हात घालण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारी सोय) बंद केलं किंवा बूटची सेटिंग्ज हलवली, की विंडोज ती की मागू शकतं. एका शिक्षिकेच्या लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. की होती, पण मुलाच्या खात्यात, आणि मुलगा बोटीवर नोकरीला. दोन दिवस त्यांच्या दहावीच्या प्रश्नपत्रिका त्या डिस्कमध्ये अडकून पडल्या होत्या.

दुसरी नेहमीची तक्रार: ‘लिनक्समधून डी ड्राइव्ह दिसतो, पण फाइल सेव्ह होत नाही.’ लोक परवानग्या बदलत बसतात. खरं कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप. ते चालू असलं तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि ड्राइव्हवर आपली खूण ठेवून जातं. ती पाहून लिनक्स तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतं, आणि ते बरोबरच करतं. जबरदस्तीने उघडायच्या कमांड शोधू नका, डेटा जाईल. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करा आणि मशीन एकदा नीट बंद करा.

आता घड्याळ. आपल्याकडे ही गडबड इतकी ठरावीक आकड्याने होते की निदान एका नजरेत करता येतं. सकाळी दहा वाजता लिनक्समधून बाहेर पडून विंडोज उघडलं आणि घड्याळ साडेचार दाखवतंय, म्हणजे बरोबर साडेपाच तास मागे, तर मशीनमध्ये काहीही बिघडलेलं नाही. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ. दोघं एकमेकांची वेळ पुसत राहतात. माझ्याकडे आलेल्या एकाने याच कारणासाठी दोनदा मदरबोर्डवरचा बटण सेल बदलून घेतला होता. टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ या कमांडला ‘सेट लोकल आरटीसी’ हा पर्याय १ असा दिला की लिनक्स विंडोजच्या पद्धतीने चालतं. फरक साडेपाच तासांचा नसेल आणि मशीन बंद केल्यावर दर वेळी घड्याळ मागेच पडत असेल, तरच सेलकडे बघा.

डिस्ट्रो (लिनक्सचा तयार प्रकार) कोणती, यावर फार वेळ घालवू नका. पहिल्यांदा येत असाल तर लिनक्स मिंट किंवा उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीची, आवृत्ती घ्या. उबुंटूच्या मधल्या आवृत्त्यांना नऊच महिने अपडेट मिळतात, एलटीएसला पाच वर्षं. ‘अपडेट करताना ४०४ येतंय’ (फाइल सापडत नाही) असं कुणी सांगितलं, की इंटरनेट तपासण्याआधी मी आवृत्ती विचारतो. बऱ्याचदा ती मुदत संपलेली निघते.

‘हो’ म्हणून वाय दाबण्याआधी

२०२१मध्ये लायनस सेबॅस्टियन या यूट्यूबरने कॅमेऱ्यासमोर पॉप ओएस या डिस्ट्रोवर स्टीम हे गेमचं ॲप बसवायला घेतलं आणि डेस्कटॉपच उडाला. पॅकेजमधल्या गोंधळामुळे ॲप्टने (ॲप बसवणारी-काढणारी कमांड) डेस्कटॉपचे भाग काढून टाकायचं ठरवलं होतं, तशी यादीही दाखवली होती आणि खात्रीचं वाक्य पूर्ण टाइप करायला लावलं होतं. त्याने ते टाइप केलं. ही चूक कुणाकडूनही होऊ शकते, कारण आपल्याला ती यादी न वाचता पुढे जायची सवय लागलेली असते. ‘रिमूव्ह्ड’ असा शब्द दिसला की थांबा आणि खालची नावं वाचा. सिस्टीम ज्यावर चालते ते पायथन नकोसं म्हणून काढून टाकणाऱ्यांचा डेस्कटॉपही असाच जातो.

डेबियन या डिस्ट्रोवर उबुंटूच्या पीपीए (उबुंटूसाठी बनवलेले बाहेरचे ॲप-साठे) जोडणं ही याच चुकीची सावकाश चालणारी बहीण. आज एक ॲप बसतं, सहा महिन्यांनी अपग्रेड अडतं. आर्च या डिस्ट्रोवर असाल तर एकट्या पॅकेजसाठी यादी ताजी करून अर्धं अपडेट करू नका. करायचं तर पूर्ण करा.

आणि टाइमशिफ्ट या ॲपला बॅकअप समजू नका. तो सिस्टीम मागे नेतो. होम फोल्डर तो मुळात धरतच नाही, म्हणजे तुमचे फोटो आणि कागदपत्रं त्यात नसतात. ती वेगळ्या डिस्कवर हवीत.

मॅस्टोडॉनवर

मॅस्टोडॉन २०१६मध्ये ऑयगन रोचकोने सुरू केलं. ऑक्टोबर २०१९च्या अखेरीस ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, आणि नोव्हेंबरमध्ये भारतातून तिकडे पहिली मोठी लाट गेली. मीही तेव्हाच गेलो, एका छोट्या, आपुलकीच्या सर्व्हरवर. दोन वर्षांनी एका सकाळी तो उघडेना. चालवणाऱ्याची काहीतरी अडचण झाली असणार, सूचना आली नव्हती.

मला वाटत होतं, विकेंद्रित म्हणजे खातं कुठेही नेता येतं. नेता येतं, पण जुना सर्व्हर जिवंत असताना. स्थलांतराची सूचना जुन्या खात्यातूनच निघते. ती निघाली तर फॉलोअर तुमच्यामागे नव्या पत्त्यावर येतात. पोस्ट मात्र जुन्या जागीच राहतात. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची यादी सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइलमध्ये उतरवून नव्या खात्यात चढवावी लागते. माझ्याकडे तीही नव्हती. आठवेल तशी नावं वहीत लिहून मी माणसं पुन्हा शोधली. काही अजून सापडलेली नाहीत, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून महिन्यातून एकदा सेटिंग्जमध्ये जाऊन फॉलो, ब्लॉक, म्यूट आणि बुकमार्कच्या याद्या उतरवून ठेवा. सर्व्हर निवडताना मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीतला पाहा. त्या यादीतल्या सर्व्हरांनी बंद करण्याआधी किमान तीन महिने कळवण्याचं कबूल केलेलं असतं.

खाजगी संदेशांबद्दल कळकळीने सांगतो. ते एंड टू एंड एन्क्रिप्टेड (फक्त पाठवणारा आणि घेणाराच वाचू शकेल असे) नसतात, सर्व्हर चालवणारा ते वाचू शकतो. त्याहून मोठा धोका म्हणजे, खाजगी संदेशात तिसऱ्या माणसाचं नाव ॲटच्या खुणेसह लिहिलंत, तर तो संदेश त्यालाही जातो. कुणाबद्दल बोलायचं असेल तर ॲट गाळा. ओटीपी, पत्ते, भांडणं यांसाठी सिग्नल हे संदेशाचं ॲप वापरा.

‘मी मराठीत लिहितो, कुणी बघतच नाही,’ ही तक्रार खूप येते. पोस्ट लिहायच्या चौकटीत भाषेचं बटण असतं आणि ते बहुतेकांचं इंग्रजीवर अडकलेलं असतं. फक्त मराठी पोस्ट पाहणाऱ्यांपर्यंत मग तुमचं लिखाण जातच नाही. भाषा मराठी केली की आणखी एक फायदा होतो: ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणं आहेत, त्यात ल आणि श हिंदी धाटणीचे न दिसता आपल्या पुस्तकातल्यासारखे दिसतात. हॅशटॅगही लावा, कारण तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचलेल्याच पोस्ट शोधात सापडतात. ‘दऱ्या’ लिहिताना साधा र घेतलात तर ‘दर्या’ होतं. लिनक्सच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये ऱ शिफ्ट धरून इंग्रजी ‘जे’ची की दाबल्यावर मिळतो.

स्वतःचा सर्व्हर

मॅस्टोडॉनचा स्वतःचा सर्व्हर चालवायचा असेल तर डोमेन (सर्व्हरचा पत्ता) पहिल्याच दिवशी विचार करून ठरवा, कारण नंतर ते बदलता येत नाही. दुसऱ्या सर्व्हरांवरून आलेली चित्रं डिस्क भरून टाकतात. ती ठरावीक दिवसांनी काढणारं काम टूटसीटीएलमधून (मॅस्टोडॉनची देखभालीची कमांड) क्रॉनला (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) लावा, नाहीतर जागा संपून डेटाबेस थांबेल आणि लॉगमध्ये भलतीच चूक शोधत बसाल. बॅकअपमध्ये पोस्टग्रेसचा डेटाबेस (पोस्ट आणि खाती यात असतात), गुपितं असलेली एन्व्ह नावाची सेटिंग्जची फाइल आणि आपल्या लोकांनी चढवलेली चित्रं, तिन्ही हवीत. बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा. माझी स्क्रिप्ट तीन आठवडे रोज पहाटे शून्य बाइटची फाइल बनवत होती, आणि मेलमध्ये रोज ‘यशस्वी’ असं येत होतं.