गुलामांची आत्मकथनं वाचताय? मग या चुका टाळा

अमेरिकेतल्या गुलामांची आत्मकथनं आपल्याकडे हल्ली बरीच वाचली जातात. चांगलंच आहे. फक्त आमच्या वाचनगटात नवा माणूस आला की तेच ते घोळ पुन्हा सुरू होतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात जास्त डोकं उठवणारी चूक म्हणजे जबानी कोणी घेतली हे न बघता तिच्यातलं वाक्य उचलणं. १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकी सरकारच्या एका लेखन प्रकल्पाने १७ राज्यांत फिरून पूर्वी गुलाम असलेल्या २,३०० हून अधिक म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर त्या फुकट वाचता येतात, आणि फुकट म्हटलं की जो तो शोधपट्टीत हवं ते टाकतो आणि हवं ते काढतो. गटातल्या एका हुशार पोरानं असंच केलं. चार्ल्सटनच्या सुझन हॅम्लिन नावाच्या म्हातारीनं आपल्या मालकाची तारीफ केली होती, त्याचा स्क्रीनशॉट घेऊन गडी उभा राहिला. ‘बघा, तिचंच म्हणणं आहे. इतकं काही वाईट नव्हतं.’ झालं, तासभर नुसता कल्ला. दोन जण तर चहा न घेताच उठून गेले.

त्याच बाईची दुसरी मुलाखत मी त्याच्यापुढे ठेवली. स्क्रीनशॉटवाली मुलाखत घेणारी बाई गोरी होती, आणि सुझनचा समज असा की ही सरकारी मदत कचेरीतून आली आहे. काळ मंदीचा, शंभरीच्या घरातलं वय. समोरची बाई दोन पैसे मंजूर करेल असं वाटत असताना तिच्यासमोर गोऱ्या मालकाला कोण नावं ठेवेल? दुसरी मुलाखत ऑगस्टस लॅडसन या कृष्णवर्णीय मुलाखतकारानं घेतली. त्याच्यापाशी तिनं फटके सांगितले, आणि आईबापांपासून तोडून विकलेल्या माणसांचा रात्रंदिवस ऐकू येणारा आक्रोश सांगितला. या मुलाखतीत तिचं आडनावसुद्धा हॅमिल्टन झालं आहे, त्यामुळे घाईत शोधणाऱ्याला ती सापडतच नाही.

माझी सवय साधी आहे. मजकुराला हात लावण्याआधी पानाच्या डोक्यावरचं मुलाखतकाराचं नाव, गाव आणि साल पेन्सिलीनं वहीत उतरवायचं. तेवढाही धीर नसेल तर निदान स्क्रीनशॉट फिरवू नका.

दुसरी चूक ‘पळाला कसा?’वाल्यांची. यांना थरार हवा असतो. गुलामगिरीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसचं १८४५ चं आत्मकथन वाचून हे तक्रार करतात की मुख्य प्रसंगच गाळलाय. अहो, तो मुद्दाम गाळलाय, आणि का ते त्यानं तिथंच लिहिलंय! मदत करणारे गोत्यात आले असते आणि मागून येणाऱ्यांची वाट बंद झाली असती. तो स्वतःही तेव्हा कायद्यानं फरारीच होता. १८४६ मध्ये ब्रिटनमधल्या स्नेह्यांनी पैसे उभे करून त्याची सुटका विकत घेतली. ३ सप्टेंबर १८३८ ला खलाशाच्या वेशात, दुसऱ्या एका खलाशाचे ओळखीचे कागद उसने घेऊन, ते खिशात घालून तो बाल्टिमोरहून रेल्वेने निसटला. कागदावरचं वर्णन त्याच्याशी जुळतही नव्हतं, पण वरचं गरुडाचं चिन्ह पाहून कंडक्टर पुढे गेला. हे सगळं त्यानं तपशिलात लिहिलं ते १८८१ मध्ये, गुलामगिरी संपून बरीच वर्षं झाल्यावर.

वाट बंद होण्याची त्याची भीती खरी होती. हेन्री ब्राऊन हा गुलाम १८४९ मध्ये तीन फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट खोल खोक्यात बसून गुलामगिरी असलेल्या रिचमंडहून ती नसलेल्या फिलाडेल्फियाला पार्सल झाला. बोभाटा झाला. खोकं रवाना करणाऱ्या सॅम्युएल स्मिथनं पुढं तीच युक्ती आणखी काहींसाठी करून पाहिली आणि तो पकडला गेला.

थरारवाले हॅरिएट जेकब्स या मालकापासून पळालेल्या बाईच्या आत्मकथनातली माळ्यावरची प्रकरणं सरळ ओलांडतात. आजीच्या घराला लागून असलेल्या छपरातला तो पोटमाळा नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि जिथं सर्वांत उंच तिथं तीन फूट. तिथं ती जवळजवळ सात वर्षं लपली. उंदीर होतेच, उन्हाळ्यात छपराच्या लाकडातला राळेसारखा चीक डोक्यावर ठिबकायचा. हाताशी एक गिरमिट लागलं, त्यानं तिनं भिंतीला भोकं पाडली आणि त्यांतून खाली खेळणारी स्वतःची पोरं पाहिली. शिवाय तिथूनच पत्रं लिहून ती न्यूयॉर्कहून टाकायची व्यवस्था केली, म्हणजे मालक तिला तिकडे शोधत बसला. हे ज्याला संथ वाटतं त्यानं रहस्यकथा वाचाव्यात, त्याही उत्तम असतात.

बाकीच्या चुका भराभर. प्रस्तावना ओलांडू नका. डग्लसच्या पुस्तकाला एका गोऱ्या पुढाऱ्याची प्रस्तावना आणि दुसऱ्याचं पत्र का जोडावं लागलं, हा त्या पुस्तकाचाच भाग आहे. लेखणी कोणाच्या हातात होती ते बघा. दलित आत्मकथनांवर वाढलेल्या आपल्या वाचकाला लिहिणारा आणि भोगणारा एकच असतो अशी सवय असते. फसवून गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या सॉलोमन नॉर्थअपचं १८५३ चं कथन मात्र डेव्हिड विल्सन या वकिलानं लिहून काढलं. टोपणनाव दिसलं की लगेच ‘बनावट’ म्हणू नका. जेकब्सनं लिंडा ब्रेंट नावानं लिहिलं, म्हणून १९८० च्या दशकात जीन फॅगन येलिन या अभ्यासक बाईनं पत्रव्यवहारातून छडा लावेपर्यंत भलेभले अभ्यासकही त्याला कादंबरी समजत होते. स्वतः पळून आल्यावर पुन्हा पुन्हा परत जाऊन गुलामांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमननं ३०० जणांना सोडवलं हा आकडा तिच्या चरित्रकर्तीनं फुगवलेला आहे. आजचे अभ्यासक साधारण १३ फेऱ्या आणि ७० माणसं धरतात, आणि तेही काही कमी नाही. सिनेमा पाहून ‘वाचलंय’ म्हणू नका.

आणि दर ११ एप्रिलला जोतीरावांच्या १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची, गुलाम मुक्त केल्याबद्दल अमेरिकन जनतेला केलेली अर्पणपत्रिका पुढे पाठवणाऱ्यांनी त्या गुलामांपैकी निदान एकाचं तरी पुस्तक उघडावं. डग्लसचं पहिलं घ्या. मूळ आवृत्ती जेमतेम सव्वाशे पानांची आहे. रविवारी दुपारी उरकून संध्याकाळी स्टेटस टाकण्याइतकी ती छोटी आहे खरी, पण तसं करणाऱ्याला मी पुढचं पुस्तक उसनं देत नाही.