दोन-तीन महिने गाडी घेऊन बाहेर पडताय? मग टपालाचं काय ते आधी बघा

पुण्यामुंबईहून स्वतःची गाडी काढून लेह-लडाख, स्पिती नाहीतर पार अरुणाचलपर्यंत दोन-तीन महिने भटकून येणारे आता कितीतरी जण झालेत, आणि निघायच्या आधी टायर, स्टेपनी, गोळ्या-औषधं, थर्मल यांच्या याद्या सगळे करतात, पण टपालाचं काय म्हटलं की उत्तर ठरलेलं, "आता कोण पत्रं पाठवतं हो!" बरोबर आहे, पत्रं कुणीच पाठवत नाही. म्हणूनच जे येतं ते कामाचं असतं. बँकेचं नवं कार्ड, चेकबुक, आरटीओकडून आरसी, कोर्टाचा कागद, वकिलाची नोटीस, महापालिकेचं बिल.

बहुतेकांना वाटतं की घराला कुलूप आहे म्हणजे टपाल आलंच नाही असं धरतील. तसं होत नाही. १८९७ चा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट आहे, त्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे बरोबर पत्त्यावर, तिकीट लावून, रजिस्टरने पाठवलेली नोटीस पोचली असंच मानलं जातं, आणि चेक बाऊन्सच्या प्रकरणांत तर सुप्रीम कोर्टाने २००७ साली हेच स्पष्ट सांगितलंय. म्हणजे पाकिटावर "घर बंद" असा शेरा मारून ते परत गेलं तरी नोटीस मिळालीच नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. चेक बाऊन्सच्या नोटिशीत पैसे भरायला फक्त १५ दिवस असतात. तुम्ही त्यावेळी स्पितीतल्या काझात मोमो खात असाल तर मुदत काय थांबत नाही. तेव्हा टपाल बंद करायच्या मागे लागू नका, ते घ्यायला माणूस नेमा. कागदावर नेमा, नुसतं "जरा लक्ष ठेवा हं" म्हणून नाही.

पण त्याच्याही आधी येणारं टपाल जेवढं कमी करता येईल तेवढं करा, हे काम महिनाभर आधी सुरू करा. महावितरणचं गो-ग्रीन घेतलं की कागदी बिल बंद होऊन मेलवर येतं. पाइप गॅस असेल तर मीटर बहुतेक घराच्या आत असतो, रीडिंगवाला येऊन दार वाजवून जातो आणि मग सरासरीचं बिल लागतं, त्यामुळे निघायच्या दिवशी मीटरचा फोटो काढून ठेवा आणि अ‍ॅपवर स्वतः रीडिंग भरता येतं का बघा. पुणे महापालिकेचा मिळकतकर मे अखेरपर्यंत भरला की सूट मिळते आणि उन्हाळ्यात निघणारे नेमकं तेच विसरतात, तो ऑनलाइन भरून मोकळे व्हा. इन्कम टॅक्सच्या नोटिसा पोर्टलवर आणि मेलवर येतात, फक्त तिथला मेल आयडी जुन्या ऑफिसचा नाही ना तेवढं तपासा. (हे खूप जणांचं असतं!)

मग कार्डं. पाकिटातली सगळी डेबिट-क्रेडिट कार्डं काढून टेबलावर मांडा आणि एक्स्पायरी बघा. ट्रिपच्या मधे कुठलं संपत असेल तर बँक नवं कार्ड आपणहून घरच्या पत्त्यावर पाठवते, घर बंद मिळालं की ते परत जातं, आणि मग तुम्ही रस्त्यात जुनं मेलेलं कार्ड घेऊन फिरताय. आधीच बँकेत जाऊन नवं मागून घ्या, नाहीतर ते शाखेत ठेवायला सांगा. फास्टॅगचं पण तसंच, स्टिकर खराब झालं म्हणून रस्त्यातून ऑनलाइन मागवाल तर ते येणार घरी, त्यापेक्षा टोलनाक्यावरच्या काउंटरवर नवीन घ्या, जुनं बंद करून.

पासपोर्टचं नूतनीकरण निघायच्या तोंडावर अजिबात टाकू नका. पासपोर्ट स्पीड पोस्टाने येतो आणि ओळखपत्र बघून ज्याचा त्यालाच देतात, शेजारच्या काकूंना देत नाहीत, परत गेला की पासपोर्ट ऑफिसच्या वाऱ्या. लायसन्स आणि आरसीची कार्डंही स्पीड पोस्टाने येतात आणि परत गेली की आरटीओत जाऊन पडतात. ही दोन्ही डिजिलॉकरमध्ये घेऊन ठेवा, पोलिसांना दाखवायला कायद्याने चालतात, फक्त डोंगरात नेटवर्क नसतं म्हणून एक झेरॉक्स पण गाडीत असू दे.

आता माणूस. वॉचमन नको. वॉचमन चांगला असतो, प्रश्न त्याचा नाही, पण वॉचमन बदलतो, त्याची शिफ्ट बदलते आणि केबिनमधल्या त्या ढिगात तुमचं पाकीट कुठल्या कुठे जातं. त्याच बिल्डिंगमधलं, रोज घरी असणारं, व्हॉट्सअ‍ॅप नीट वापरणारं कुणीतरी हवं. सख्खा भाऊ लांब कोथरूडला राहतो आणि तुम्ही हडपसरला, तर भाऊ उपयोगाचा नाही, समोरच्या फ्लॅटमधले रिटायर्ड काका जास्त उपयोगाचे. लेटरबॉक्सची किल्ली त्यांना द्या. तुडुंब भरलेला लेटरबॉक्स आणि दारात पडलेले पेपर बघून चोराला बाकी काही विचारावं लागत नाही, तेव्हा पेपरवाला पण बंद करा.

आणि मग पोस्टात अर्ज द्या. हे कुणीच करत नाही आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. घराजवळचं पोस्ट ऑफिस म्हणजे तुमचं टपाल वाटणारं ऑफिस असेलच असं नाही, बऱ्याच छोट्या पोस्टांतून आता वाटप होतच नाही, तेव्हा तुमच्या पोस्टमनलाच विचारा की तुमची बीट, म्हणजे तुमच्या भागातली वाटपाची फेरी, कुठून निघते. तिथे जाऊन साध्या कागदावर असं काहीतरी लिहून द्या:

"मा. पोस्टमास्तर यांस, मी खाली सही करणार, पत्ता अमुक, तमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत बाहेरगावी आहे. या काळात माझ्या नावे येणारं सर्व टपाल, स्पीड पोस्ट व रजिस्टर्ड धरून, श्री. अमुक, फ्लॅट नंबर अमुक, यांना माझ्या वतीने सही करून घेण्याचा अधिकार मी देत आहे. त्यांच्या सहीचा नमुना खाली आहे."

सोबत तुमच्या आणि त्यांच्या ओळखपत्राची झेरॉक्स जोडा, दोन प्रती करा, एकीवर पोस्टाचा शिक्का घेऊन ती काकांकडे ठेवा. शिक्का घ्याच, कारण पोस्टमन रजेवर गेला की बदली माणसाला काही माहीत नसतं आणि तेव्हा तोच कागद दाखवावा लागतो. पोस्टमनला स्वतः भेटून पण सांगा. दिवाळीची पोस्त दरवर्षी नीट दिलेली असेल तर हे संभाषण अगदी गोडीत होतं.

रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच मिसळून टाकलं हे वाचलं असेलच. पण "ज्याचं त्यालाच किंवा त्याने अधिकार दिलेल्यालाच द्यायचं" ही सोय स्पीड पोस्टात जास्तीचे पैसे भरून मिळतेच, त्यामुळे हा कागद लागतोच. कुणी मिळालं नाही तर पोस्टमन चिठ्ठी टाकून जातो आणि ते पाकीट साधारण ७ दिवस पोस्टात थांबतं, मग पाठवणाऱ्याकडे परत. सगळं टपाल आपल्या मागे मागे दुसऱ्या पत्त्यावर पाठवायची विनंतीही करता येते, पण तुम्ही एका गावात दोन महिने राहणार असाल तरच तिचा फायदा, रोज गाव बदलणाऱ्याने त्या भानगडीत पडू नये.

काकांना काय सांगायचं तेही ठरवून सांगा, नाहीतर बिचारे रोज मेडिकल दुकानाच्या जाहिरातीचे फोटो पाठवत बसतील. प्रत्येक पाकिटाचा न फोडता दोन्ही बाजूंनी फोटो, पोस्टाचा शिक्का दिसेल असा. कोर्ट, पोलीस, वकील, बँकेचं कर्ज खातं, सरकारी खातं यातलं काही असेल तर लगेच फोन, आणि तुम्ही हो म्हणालात की फोडून आतलं प्रत्येक पान स्कॅन. बँकेची कार्डं आणि पिनची पाकिटं न फोडता कपाटात. लग्नपत्रिकेचा फोटो पुरे, आहेर यूपीआयने जातो आता. आणि एक गोष्ट दोनदा सांगा, नोटीस आली तर "ते घरी नाहीत" म्हणून परत पाठवायची नाही, सही करून घ्यायची. नाकारलेली नोटीस पण पोचलेलीच धरतात, वर तुम्हाला आत काय आहे हेही कळत नाही. वकीलपत्र लागलं तर तुम्ही जिथे असाल तिथल्या सायबर कॅफेत प्रिंट काढा, सही करा, स्पीड पोस्टाने वकिलाकडे पाठवा.

ओटीपीचा घोळ वेगळाच आहे. हल्ली कुरिअरवाला आणि स्पीड पोस्टही कधी कधी ओटीपी मागतं, तो येतो तुमच्या फोनवर, आणि जम्मू-काश्मीर-लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालतच नाही, फक्त पोस्टपेड. म्हणजे तिकडे शिरलात की तुमचा नंबर मेला, ओटीपी नाही, बँकेचा एसएमएस नाही, ई-चलानचा मेसेज पण नाही. निघायच्या आठवडाभर आधी एक तरी नंबर पोस्टपेड करून घ्या, तो बँकेशी जोडलेला असेल तोच. आणि ओटीपी काकांना सांगायचा तो काका स्वतः फोन करून "माणूस दारात उभा आहे" म्हणतील तेव्हाच, कुरिअरवाल्याने परस्पर मागितला तर नाही.

याच्याच शेजारचा धोका म्हणजे "तुमचं पार्सल गोदामात अडकलंय, पत्ता अपुरा आहे, या लिंकवर अपडेट करा" असे इंडिया पोस्टच्या नावाने येणारे मेसेज. ते खोटे असतात, सरकारनेही तसं जाहीर केलंय. प्रवासात माणूस घाईत असतो, खरंच एखादं पार्सल यायचं असतं आणि पटकन बोट जातं. स्पीड पोस्टाचा नंबर १३ अक्षरांचा असतो, आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग ९ आकडे आणि शेवटी आयएन, तो स्वतः इंडिया पोस्टच्या साइटवर टाकून बघा, मेसेजमधल्या लिंकवरून नको.

काही गोष्टी मात्र तुमच्यापर्यंत यायलाच लागतात, चष्मा, गाडीचा एखादा पार्ट, सहीचे कागद. खाजगी कुरिअर मोठ्या गावांत ठीक आहे, पण स्पिती-झंस्करकडे बऱ्याच कंपन्या जातच नाहीत, तिकडे स्पीड पोस्टच. हॉटेलच्या पत्त्यावर मागवायचं तर आधी फोन करून विचारा आणि पाकिटावर नावाखाली "पाहुणे, मुक्काम अमुक तारखेपासून" असं लिहायला सांगा. मुक्काम पक्का नसेल तर पोस्ट रेस्टांट नावाची जुनी सोय आहे. तुमचं नाव, खाली पोस्ट रेस्टांट, मग मोठ्या पोस्ट ऑफिसचं नाव आणि पिनकोड, झालं, पाकीट तिथे थांबतं आणि तुम्ही ओळखपत्र दाखवून घेता. नाव ओळखपत्रावर आहे तसंच हवं, "बंडूकाका" नाही. काउंटरवरच्या नव्या मुलांना हा शब्द कधी कधी माहीत नसतो, तेव्हा "केअर ऑफ पोस्टमास्तर" असंही लिहून टाका आणि त्या पोस्टात एक फोन करून ठेवा.

पिनकोड चुकवू नका, गावांची नावं सारखी असतात आणि लिपी वेगळी असते, आकडे तेवढे सगळीकडे एकच. ही पद्धतच त्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, वर संस्कृतचे कवी. लेह १९४१०१, मनाली १७५१३१, केलाँग १७५१३२, काझा १७२११४, श्रीनगर १९०००१. पाकीट अशा गावाला मागवा जिथे तुम्ही आठवड्याभराने पोचणार आहात आणि निदान दोन रात्री थांबणार आहात, रविवार मधे येत नाही ना बघा. पॉवर बँक, बॅटरी असलं काही मागवू नका, लिथियमच्या वस्तू विमानाने पाठवायला बंधनं आहेत आणि लेहचं टपाल विमानावर बरंच अवलंबून असतं. तिकडेच घ्या.

पेन्शनरांनी नोव्हेंबर धरून बघा. हयातीचा दाखला चेहरा दाखवून मोबाइलवर भरता येतो, आधी घरी एकदा करून बघा म्हणजे गुवाहाटीत हॉटेलच्या खोलीत बसून धडपडायला नको.

आणि घरच्यांना एखादं पोस्टकार्ड टाकायची हौस असेल तर स्पितीतल्या हिक्कीमला जा, ४४०० मीटरच्या आसपासचं ते छोटंसं पोस्ट ऑफिस आहे. कार्ड तुमच्या आधी पोचेल अशी आशा नको.

परत आलात की पहिल्या दोन दिवसांत पोस्टात जाऊन तो अधिकाराचा अर्ज रद्द केल्याचं लिहून द्या, अर्जात शेवटची तारीख होती तरी द्या. पोस्टमनला नवी सवय लागलेली असते, तो पुढचे कित्येक आठवडे काकांकडेच टाकत राहतो, आणि काका तोवर मुलीकडे बंगलोरला गेलेले असतात.