कादंबरीला वेळ मिळत नाही म्हणता? आधी या चुका थांबवा

दर शनिवारी संध्याकाळी कोथरूडला एका मैत्रिणीकडे आम्ही लिहिणारी सात-आठ माणसं जमतो, बहुतेक नोकरीवाली, एक-दोन रिटायर्ड. दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी नवीन येतं आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "कादंबरी डोक्यात पूर्ण तयार आहे हो, फक्त लिहायला वेळ मिळत नाहीये." मी हल्ली यावर काही बोलत नाही, चहा पुढे करते. पण तीच तीच गडबड बघून कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकते.

सलग वेळेची वाट बघणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि हिचा मला खरंच राग येतो. दिवाळीच्या सुट्टीत लिहीन, हा प्रोजेक्ट लाइव्ह गेला की लिहीन, मुलीची दहावी झाली की बघू. अहो, दहावीनंतर दोन वर्षांत बारावी येते.

आमच्यातला एक जण हिंजवडीला आयटीत आहे. पानशेतच्या पुरावर लिहितोय, १२ जुलै १९६१, आधी पानशेत धरण फुटलं, मग खडकवासला, आणि नारायण पेठेतल्या एका वाड्यातलं एक बिऱ्हाड. विषय छान आहे, माणूसही हुशार. त्याने वर्षभर रजा साठवली आणि गुहागरला दोन आठवडे खोली घेतली, समुद्र समोर, जेवण आयतं, लॅपटॉप चार्ज. पहिले दोन दिवस झोपला, साहजिक आहे, वर्षाची झोप राहिली होती. मग आधीचं लिखाण वाचलं, ते आवडेना म्हणून पहिलं प्रकरण बदललं, मग त्याच्या डोक्यात आलं की पाणी कुठल्या पेठेत नक्की किती वाजता शिरलं हे कळल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही, आणि बसला फोनवर जुनी कात्रणं शोधत. रोज संध्याकाळी बायकोचा फोन, "किती झालं?" शेवटी शेवटी तो फोन उचलायलाच घाबरायला लागला. परत आला तेव्हा सोळा पानं झाली होती आणि त्यातली निम्मी म्हणजे त्याच पहिल्या प्रकरणाचा नवा खर्डा. वर रजा संपल्यामुळे गणपतीत गावाला जाता आलं नाही, त्याबद्दल घरी जे ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच.

ज्या माणसाला रोज वीस मिनिटं बसायची सवय नाही त्याला एकदम आठ तास दिले तर तो त्यांचं करणार काय? झोपणार आणि कात्रणं शोधणार.

आता तो काय करतो, तर ट्रॅफिक सुरू व्हायच्या आधी घरातून निघतो, तसाही पाऊण तास वाचतोच, आणि कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडीतच सीट मागे करून वहीत लिहितो. अर्धा तास, मग वर जाऊन कार्ड स्वाइप. तपासायच्या गोष्टींना चौकट करतो, आत प्रश्नचिन्ह टाकतो आणि पुढे जातो. पाणी अजून लकडी पुलापर्यंत पोचलेलं नाही, पण वाड्यातली पोरं नदीकाठी जाऊन बघून आलीयेत, म्हणजे चाललंय.

हिशोब करून बघा. रोज ३०० शब्द, आठवड्यातले ५ दिवस, वर्षातले ४० आठवडे, झाले ६०,०००. उरलेले १२ आठवडे गणपती, लग्नं, ताप, ऑडिट, काय वाट्टेल ते. ६०,००० शब्दांत बऱ्यापैकी कादंबरी होते. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप पोस्टात नोकरीला होता, पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा आणि घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द काढायचा. मला ते घड्याळाचं काही जमत नाही, कुकर लावल्यासारखं वाटतं, पण नोकरी सांभाळून ढिगाने कादंबऱ्या लिहिल्या त्याने.

आणि एवढ्या लांब कशाला, आपले ह. ना. आपटे बघा. आनंदाश्रम संस्थेचा कारभार, नगरपालिकेतलं काम, शिवाय १८९० पासून स्वतःचं 'करमणूक' साप्ताहिक, आणि त्यातच कादंबरी क्रमशः. अंक निघायचाय म्हटल्यावर प्रकरण द्यावंच लागणार. काही कादंबऱ्या त्यांच्याही अपुऱ्या राहिल्या, तेव्हा तुमची एखादी राहिली तर लगेच सुतक पाळू नका. त्यांच्यावरूनच आम्ही शनिवारचा नियम केला, प्रत्येकाने त्या आठवड्यातली दोन पानं वाचायचीच, वाईट असली तरी. "या आठवड्यात काही झालं नाही" असं चार माणसांसमोर सांगायची लाज फार कामाची आहे, शुक्रवारी रात्री अकराला माणसं लिहायला बसतात.

नोव्हेंबरात कादंबरी संपवायला निघणं

नॅनोरायमो नावाचा प्रकार १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू झाला, नोव्हेंबरच्या ३० दिवसांत ५०,००० शब्द, म्हणजे रोज साधारण १,६६७. तो चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद पडली पण नवशिक्यांच्या डोक्यातून ते काही जात नाही. मराठी घरात नोव्हेंबर म्हणजे काय असतं? बऱ्याचदा दिवाळीच त्यात, नाहीतर दिवाळीनंतरचे पाहुणे, आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. पाचव्या दिवशी ही मंडळी गळतात आणि "मला जमणारच नाही" म्हणून वर्षभर वहीला हात लावत नाहीत. घाईच करायची हौस असेल तर जून-जुलै घ्या. पाऊस असतो, कोणी फारसं येत नाही.

लिहिलेलं दहा ठिकाणी ठेवणं

याला लोक चूकच मानत नाहीत, "मी कुठेही लिहिते हो" असं कौतुकाने सांगतात. सिंहगड रोडला राहणाऱ्या एक शिक्षिका आमच्याकडे येतात, त्यांच्याइतकं नेटाने लिहिणारं दुसरं कोणी नाही. पण काही व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेलं, काही फोनच्या नोट्समध्ये, काही शाळेच्या डायरीत मागच्या बाजूने, आणि सुरुवातीची चार-पाच प्रकरणं एका डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेली, युनिकोड नाही, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतं तसलं नाही. घरी नवीन कॉम्प्युटर आला, त्यात तो फॉन्ट नव्हता, फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, नुसती खिचडी. कन्व्हर्टरमधून काढलं तर रफार भलत्याच अक्षरावर आणि जोडाक्षरं फुटलेली. बाईंची मे महिन्याची अख्खी सुट्टी नवीन ओळ न लिहिता फक्त रफार लावण्यात गेली, आणि तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक महत्त्वाचा प्रसंग कुठल्या तारखेला पाठवला होता ते सापडेना, म्हणून तो परत लिहिला.

म्हणजे वेळ होता, तो शोधाशोधीत गेला. टाइप करायचं तर युनिकोडमध्येच करा, एकच फाइल ठेवा, आणि रविवारी ती स्वतःला मेल करा.

मी स्वतः वहीवाली आहे. अप्पा बळवंत चौकातून फुलस्केप वह्या घाऊक आणते. फक्त उजव्या पानावर लिहायचं, डावं पान कोरं. मागचं काही बदलावंसं वाटलं तर तिथे एक ओळ टिपायची, "शरूची आई इथे जिवंत नको", आणि पुढे चालू. उजवं पान खोडायचं नाही. यामुळे पहिलं प्रकरण वीसदा घासायचा रोगही आटोक्यात राहतो. वनाजहून मेट्रोत बसायला मिळालं तर रामवाडीपर्यंत एक पान होतं, उभं राहावं लागलं तर नाही होत, फोनवर मला विचार करता येत नाही. तुम्हाला येत असेल तर फोनवर लिहा, पण मग सगळं फोनवरच.

बसल्यावर पहिली दहा मिनिटं वाया जाणं

आदल्या दिवशी प्रसंग पूर्ण करून उठता म्हणून असं होतं. अर्ध्यात उठा, जमलं तर वाक्यच अर्धं सोडा, आणि खाली उद्याची ओळ लिहून ठेवा. "आत्या दार उघडते, हातात कुलूप का?" एवढं बास. अर्धाच तास असेल तर त्यातली दहा मिनिटं वहीकडे बघत बसणं परवडत नाही.

मोठा खंड पडल्यावर परत पहिल्या पानापासून वाचणं

ढोल-ताशाची प्रॅक्टिस नदीकाठी सुरू झाली की समजायचं, आता विसर्जनापर्यंत पथकातल्या पोरांचं काही खरं नाही. आमच्यात असा एक आहे. खंड पडू दे, पण नंतर सगळं वाचायला बसू नका, फक्त शेवटची दोन पानं वाचा आणि तिसरं लिहा. नावं विसरला असाल तर चुकीची घाला.

घरच्यांना वेळ न सांगणं

बायकांचं हे जास्त होतं. आपण "जरा लिहितेय" म्हटलं की घरात त्याचा अर्थ रिकामी आहे असा होतो, मग गॅसवाला, कुरिअर, सोसायटीची सही, सगळं आपल्याकडे. साडेनऊ ते दहा दार लावलेलं असेल, असं आकड्यात सांगा. पहिला आठवडा सगळे फुगतात, मग दूध उतू गेलं तरी आपलं आपण पुसतात.

नवीन लॅपटॉप घेतल्यावर सुरू करू म्हणणं: नका घेऊ.

रात्री जागणाऱ्याने पहाटे पाचचा गजर लावणं: चार दिवस टिकतं.

सगळ्या नातेवाईकांना आधीच सांगणं: मग प्रत्येक बारशाला "काय, आली का कादंबरी?"

एआयकडून प्रकरणं लिहून घेणं: वेळ वाचतो हे खरंय. वाचलेल्या वेळात काय करणार, दुसऱ्याने लिहिलेली कादंबरी वाचणार?

दिवाळी अंकाला प्रत्येक वेळी हो म्हणणं

थोडं लिहिणाऱ्यांचं इथेच अडतं. उन्हाळ्यात संपादकांचे फोन सुरू होतात, कथा द्या, लेख द्या, पाऊस लागेपर्यंत द्या, आणि छापून येणार म्हटल्यावर नाही म्हणवत नाही. तीन अंकांना हो म्हटलं की जुलै संपेपर्यंत कादंबरी बंद, मग गणपती, मग फराळ. मी हल्ली एकच कथा देते, आणि तीही आधीच्या वर्षी लिहून ठेवलेली. बाकीच्यांना सरळ पुढच्या वर्षीचं सांगते, ते काही रागावत नाहीत, त्यांची यादी लांब असते.