जोशुआ ट्रीला जाताना गाडीत पाणी किती?

लॉस एंजेलिसला आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना एक दिवस वाळवंटातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कला न्यायचं, हे ठरलेलंच असतं. अडीच-तीन तासांचा रस्ता. तिथल्या काही पायवाटा सत्तरीच्या माणसांनाही झेपतील इतक्या सोप्या आहेत. म्हणूनच लोक गाफील राहतात. पाय दुखायच्या आधी डोकं दुखायला लागतं, कारण कुणी पाणीच प्यालेलं नसतं.

तेव्हा आधी पाणी. माणशी चार लिटर, दिवसभरासाठी, आणि ते गाडीतच भरून न्यायचं. पार्कच्या मधल्या भागात नळ नाही, दुकान नाही, पेट्रोल पंपही नाही. गाडीची टाकीही बाहेरच्या गावात भरून घ्या. हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतच नाही, म्हणून तहानेची वाट न बघता घोट घोट पीत राहायचं. सोबत खारे दाणे किंवा खारट बिस्किटं असू द्या. स्वच्छतागृहं आहेत, पण तिथेही पाणी नसतं, सॅनिटायझर लागतोच.

ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ बरा. उन्हाळ्यात दुपारी पारा ३८ अंशांच्या वर जातो, तेव्हा पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी मी साफ नाही म्हणते. हिवाळ्यात उलटी गंमत: दुपारी हाफ शर्टात फिरलेला माणूस सूर्य कलला की कुडकुडतो. डिसेंबरात पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा जाकीट पाठीवरच हवं, गाडीत नव्हे.

मोबाइलला रेंज जवळजवळ नाही. नकाशा घरूनच उतरवून घ्या आणि कुठे जाताय, कधी परतणार, ते कुणाला तरी सांगून निघा. शनिवार-रविवारी पश्चिम प्रवेशद्वारावर गाड्यांची रांग लागते. ट्वेंटीनाइन पाम्स गावाच्या बाजूने आलात तर बहुधा सुटका होते.

सकाळी सगळ्यात आधी हिडन व्हॅली, कारण तिथलं पार्किंग लवकर भरतं. जेमतेम एक मैलाची फेरी, चारी बाजूंनी खडकांनी वेढलेली. मुलं लगेच खडकांवर चढतात. दगड खरबरीत, बूट छान धरतो, पण तळहात सोलून निघतात. चढण्यापेक्षा उतरणं कठीण, त्यामुळे माझा नियम असा की जिथून स्वतःच्या पायांनी खाली येता येईल तेवढंच वर जायचं. पायऱ्या नको असलेल्यांना कॅप रॉक. अर्ध्या मैलाच्या आतली सपाट वाट, व्हीलचेअरही जाते.

जवळच बार्कर डॅमची फेरी आहे, साधारण मैलभराचीच. १९०० च्या सुमारास गुरं पाळणाऱ्यांनी बांधलेला हा छोटा बांध बऱ्याचदा कोरडा असतो. पाऊस होऊन गेला असेल तरच पाण्याची आशा धरा.

दुपारनंतर वेळ उरला तर चोया कॅक्टस गार्डन. वाट पाव मैलाचीच, पण गाडीने जायलाच पाऊण तास धरा. हे निवडुंग लांबून मऊ, केसाळ, गोंजारावेसे दिसतात. काट्यांच्या टोकाला उलटे, बारीक आकडे असतात. काटेरी गोळा अंगाला चिकटला आणि तो ओढला की कातडीही तंबूसारखी वर येते. बोटांनी उपटायला गेलात तर बोटंही अडकतील. त्यासाठी मोठ्या दातांचा कंगवा न्यायचा. कातडी आणि काटेरी गोळा यांच्यामध्ये तो सरकवायचा आणि गोळा एका झटक्यात बाहेर उडवायचा. त्या दिशेला कुणी उभं नाही ना, हे आधी बघा. उरलेले काटे चिमट्याने. इथे बंद बूट हवेतच, सँडलवाल्यांना मी गाडीतच बसवते.

आणि कुत्रा घरी ठेवून या. त्याला पायवाटांवर परवानगी नाही आणि उन्हात बंद गाडीत ठेवायचा तर प्रश्नच नाही.